‘बरा’ या शब्दाविषयी

गेल्या मार्गशीर्षात काचिगुड्याच्या एका मंगल कार्यालयात आमच्या नात्यातले लग्न होते. पंगती उठल्या, मंडळी विडा चघळीत खुर्च्यांवर टेकली, आणि नात्यातले एक वयोवृद्ध गृहस्थ माझ्या धाकट्या भावासमोर येऊन उभे राहिले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारले, “काय रे, आता पूर्ण बरा झालास ना?” भाऊ हसून म्हणाला, “सावरलोय, काका.” उत्तर सरळ होते, परंतु काकांचे त्याने समाधान झाले नाही. ते माझ्याकडे वळले, आणि भाऊ तेथेच उभा असताना त्यांनी मला विचारले, “खरंच बरा आहे ना?” मी तत्परतेने उत्तरलो, “हो, अगदी पूर्ववत.” काका संतुष्ट होऊन पानाच्या तबकाकडे गेले.

परतताना रिक्षात भाऊ बराच वेळ गप्प होता. चादरघाटचा पूल ओलांडल्यावर त्याने विचारले, “दादा, पूर्ववत म्हणजे कधीसारखा?”

या प्रश्नाला मजपाशी उत्तर नव्हते. तो आजारी पडला तेव्हा बावीस वर्षांचा होता. आज त्याने साठी ओलांडली आहे. पूर्ववत म्हणजे त्या बावीस वर्षांच्या मुलासारखा, असे म्हणावे तर साठी ओलांडलेला कोणताही मनुष्य तसा नसतो. मीही तरुणपणी होतो तसा राहिलेलो नाही. मात्र मजकडून कोणी ती अपेक्षा करीत नाही. माझ्यातल्या बदलाला लोक वय म्हणतात, अनुभव म्हणतात, क्वचित शहाणपणही म्हणतात. त्याच्यातला प्रत्येक बदल मात्र आजाराच्या खात्यावर मांडला जातो. तो कमी बोलतो, हे आजारामुळे. तो पहाटे उठून फिरावयास जातो, तेही आजारामुळेच असावे, असा आमच्या मंडळींचा तर्क आहे.

आजार आला तो १९८४ च्या उन्हाळ्यात. रात्र रात्र जागणे सुरू झाले. भिंतीपलीकडचे लोक आपल्याविषयी बोलतात असे तो सांगू लागला. पुढे त्याने जेवण टाकले. घरात काय चालले आहे हे सांगण्यासाठी प्रत्येकाने आपापला शब्द शोधला. आईने शेजारणीला सांगितले, “त्याला जरा बरं नाही.” आत्याने गावी पत्र धाडले त्यात ‘डोक्यावर परिणाम झाला आहे’ असे होते. हा ‘परिणाम’ मोठा चमत्कारिक शब्द आहे. कशाचा परिणाम, हे तो सांगत नाही. पत्र वाचणाऱ्याने आपल्या कल्पनेप्रमाणे अभ्यासाचा, ग्रहांचा, प्रेमभंगाचा किंवा आईबापांच्या पापाचा, असे कारण त्यात घालून घ्यावयाचे असते. गल्लीतली मुले दखनीत ‘पागल’ म्हणत, वरच्या मजल्यावरची मंडळी तेलुगूत ‘पिच्चि’ म्हणत. आणि मी, जो सुशिक्षित व नोकरदार होतो, मी कचेरीत सांगत असे की भाऊ बाहेरगावी असतो.

हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी मनुष्याला एक सोय असते. एका भाषेत लाज वाटली तर त्याला दुसरीत सरकता येते. ‘वेड’ हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नाही. ‘नर्व्हस ब्रेकडाउन’ मात्र आम्ही सराईतपणे म्हणत असू, जणू घरातले एखादे यंत्र बंद पडले होते आणि कारागिराला निरोप गेला होता. आज त्याच जागी ‘डिप्रेशन’ येऊन बसले आहे. परका शब्द पडद्यासारखा असतो; त्याच्यामागे मनुष्य आहे एवढे कळते, चेहरा दिसत नाही. ही सोय मी क्षुद्र समजत नाही. पडदाही कधी कधी लागतो. तो आपण कोणासाठी लावला, एवढे मात्र तपासून पाहावे.

शब्द टाळण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे गावाचे नाव घेणे. मुंबईकर म्हणतो, ‘याला ठाण्याला पाठवा’. पुणेकर येरवड्याचे नाव घेतो. बंगाली व बिहारी मनुष्य रांचीचे. हिंदी मुलखात आग्रा, मद्रासेत कीळपाक, आणि आमच्या शहरात एर्रगड्डा. जेथे मनोरुग्णालय आहे त्या वस्तीचे नावच एक शिवी होऊन बसते, आणि तेथे जन्मलेल्या सामान्य गृहस्थाला जन्मभर तेच ते विनोद ऐकावे लागतात. पण यातल्या आग्र्याची एक गोष्ट विनोद करणाऱ्यांना ठाऊक नसते. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० नंतरच्या दशकात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आरंभिला. लंडन, मॉस्को, वॉशिंग्टन, प्राग अशी त्याची नऊ केंद्रे होती आणि त्यांत हिंदुस्थानातील केंद्र आग्रा हे होते. दोन वर्षांनी आणि पुन्हा पाच वर्षांनी त्याच रुग्णांची विचारपूस केली, तेव्हा आग्र्याचे व नायजेरियातील इबादानचे रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा अधिक सावरलेले आढळले. असे का, यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे, आणि या निष्कर्षावर आक्षेपही घेतले गेले आहेत. तथापि ज्या गावाचे नाव आपण ‘याचे आता काही खरे नाही’ या अर्थी घेतो, त्याच गावाने ‘अशी माणसे सावरतात’ ही साक्ष जगाला दिली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता मूळ ‘वेड’ या शब्दाकडे येतो. आमच्या घराने तो वाळीत टाकला, परंतु शब्द वस्तुतः इतका दुष्ट नाही. नाटकाचे वेड, गाण्याचे वेड यांचे आपण कौतुक करतो. लाडाने मुलाला ‘वेडा कुठला!’ म्हणतो. तेराव्या शतकात ऋद्धिपूरच्या लोकांनी गोविंदप्रभूंना वेडे म्हटले, आणि त्याच तोंडाने त्यांना मायबापही म्हटले. म्हाइंभटांच्या ग्रंथात ही दोन्ही संबोधने एकाच गावात सुखाने नांदतात. वेडाला दैवी ठरविण्याची हौस मला नाही. ज्याच्या घरात ते येऊन राहिले आहे त्याला ती परवडत नाही. मला लक्ष वेधावयाचे आहे ते व्याकरणाकडे. मराठीत वेड ‘लागते’. ‘त्याला वेड लागले’ या वाक्यात मनुष्य कर्ता नाही; तो चतुर्थीत उभा आहे, आणि काहीतरी बाहेरून येऊन त्याला लागले आहे, जशी ठेच लागते, जशी तहान लागते. ताप ‘येतो’ आणि ‘उतरतो’. ‘मला बरे वाटत नाही’ यातही ‘मी’ शाबूत असतो. जे बरे नाही ते त्याला वाटणारे आहे. या जुन्या, अशिक्षित वाक्यरचनेत मनुष्य आणि त्याची व्याधी यांच्यामध्ये एक बोटभर अंतर राखलेले आहे. ‘तो वेडा आहे’ असे म्हणताच ते अंतर नाहीसे होते. ‘तो मनोरुग्ण आहे’ म्हटल्यानेही नाहीसे होते; शब्द संस्कृत झाला एवढेच. आईचे ‘त्याला जरा बरं नाही’ हे वाक्य मी तेव्हा अडाणीपणाचे समजत असे. चाळीस वर्षांनी मला वाटते की आमच्या घरात नेमके बोलणारी ती एकटीच होती.

कायद्याला हे अंतर सापडावयास शंभरावर वर्षे लागली. १९८४ साली या देशात १९१२ चा ल्युनसी अ‍ॅक्टच चालू होता. त्यात रुग्णाला ‘ल्युनॅटिक’ म्हणत. शब्दाच्या पोटात चंद्र आहे. अमावास्या-पौर्णिमेला वेडाला भर येतो ही समजूत आपल्याकडे जशी आहे तशीच ती रोमन लोकांत होती. कायद्याच्या व्याख्येने मतिमंद आणि अस्थिर मनाचा मनुष्य यांना एकाच पोत्यात घातले होते. १९८७ च्या कायद्याने त्याला ‘मानसिकदृष्ट्या आजारी व्यक्ती’ केले, आणि २०१७ च्या कायद्याने ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’. लांबलचक शब्दप्रयोगांना हसण्याची आपल्याकडे रीत आहे. मीही हसलो आहे. परंतु नीट पाहता या लांबणीतच सगळा न्याय आहे. व्यक्ती एकीकडे, आजार दुसरीकडे, आणि मध्ये ‘असलेली’. आईच्या वाक्यातले बोटभर अंतर कायद्याने अखेर आपल्या ओबडधोबड रीतीने मोजून घेतले.

जिवाला कंटाळलेल्या मनुष्याविषयीही हेच घडले. आपली प्रतिष्ठित भाषा ‘आत्महत्या केली’ म्हणते. तीत हत्या आहे, म्हणून हत्यारा आहे, आणि १८६० च्या दंडसंहितेने असा प्रयत्न फसलेल्या दुर्दैवी जिवाला खरोखरच गुन्हेगार मानले. खेड्यातली बाई ‘जीव दिला’ म्हणते. तिच्या शब्दांत दुःख आहे, आरोप नाही. २०१७ च्या कायद्याने असा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे व शासनाने त्याची काळजी वाहावी, असे सांगितले. आणि १ जुलै २०२४ पासून जी नवी न्यायसंहिता आली तीत हा प्रयत्न, सरकारी नोकराला अडविण्याच्या हेतूने केलेला वगळता, गुन्हा राहिला नाही.

येथे एक व्यवहारी वाचक मला थांबवील. तो म्हणेल, शब्द बदलून काय होते? वेड्यांच्या इस्पितळाला मेंटल हॉस्पिटल म्हटले, तर आज पोरे एकमेकांना ‘मेंटल’ म्हणून चिडवितात. तिरस्कार हा भाडेकरूसारखा आहे. एक घर पाडले की तो दुसऱ्यात बिऱ्हाड करतो. हा आक्षेप खोटा नाही. तरीही त्यावर जपानचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस वैद्याने १९०८ साली ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द बनविला, त्याचा धात्वर्थ मन चिरफाळणे असा. जपान्यांनी त्याचे शब्दशः भाषांतर केले होते. रुग्णांच्या कुटुंबीयांनी तक्रार केली की हे नाव ऐकताच मनुष्य खचतो. आणि २००२ साली तेथील मनोवैद्यांच्या संस्थेने नाव बदलून ‘मेळ बिघडण्याचा विकार’ अशा अर्थाचे ठेवले. घडले ते असे की, जे वैद्य पूर्वी रुग्णाला त्याच्या आजाराचे नाव सांगण्याचे टाळीत, ते आता सांगू लागले. ज्यांना आपल्या रोगाचे नाव कळविण्यात आले अशा रुग्णांचे प्रमाण दोनतीन वर्षांत जवळजवळ दुप्पट झाले. तिरस्कार गेला की नाही, देव जाणे. पण एक गोष्ट बोलता येऊ लागली. आपण मराठीत ‘छिन्नमनस्कता’ म्हणतो. ‘छिन्न’ म्हणजे तोडलेले. बिघडलेला मेळ पुन्हा जमविता येतो. तोडलेल्या वस्तूचे काय करावे? माझ्या भावाला हा शब्द प्रथम मीच शब्दकोशातून काढून दाखविला होता, ज्ञानदानाच्या उत्साहात. त्याने तो दोनदा वाचला आणि कोश मिटून ठेवला.

‘मनोविकार’ या शब्दाची कथा याहून निराळी. गेल्या शतकाच्या आरंभीचे लेखक राग, लोभ, भय, प्रीती यांना मनोविकार म्हणत. हिंदीत रामचंद्र शुक्लांनी या विकारांवर सुंदर निबंध लिहिले आहेत. विकार म्हणजे षड्रिपूंचे गोत. त्यांना जिंकावयाचे असते. रामदासांनी मनाला समोर बसवून दोनशेपाच श्लोकांत उपदेश केला, आणि तेव्हापासून मराठी घरात मन म्हणजे शिकवावयाचे एक मूल, अशी कल्पना दृढ आहे. ही शिकवण मी टाकाऊ मानीत नाही. निरोगी मनाला तिचा फार उपयोग होतो. पण वैद्यकाने हाच शब्द रोगासाठी घेतला तेव्हा त्याच्याबरोबर जुना अर्थही गुपचूप आत आला. पाय मोडलेल्यास आपण ‘पाय घट्ट कर’ म्हणत नाही. मन मोडलेल्यास ‘मन घट्ट कर’ म्हणतो, आणि त्याला ते न साधले की तो रुग्ण न राहता नापास झालेला विद्यार्थी होतो.

या ठिकाणी पुष्कळ मंडळी अर्जुनाचे उदाहरण देतात. अर्जुन आजारी होता असे मला वाटत नाही. त्याच्यापुढे धर्माचा खरा पेच होता, आणि त्याला रोगी ठरविणे हा गीतेचा आणि रोग्यांचा, दोघांचाही अपमान होईल. मात्र एक बारकावा पाहावा. त्याचा विषाद ऐकून भगवंतांनी प्रथम जे सांगितले ते आपण सारे सांगतो तेच होते: हे दुबळेपण सोड आणि ऊठ. अर्जुन उठला नाही. ‘मी लढणार नाही’ असे सांगून तो स्वस्थ बसला. प्रत्यक्ष भगवंतांच्या तोंडचे ‘मन घट्ट कर’ जेथे चालले नाही, तेथे आमच्या काकांचे काय चालणार? पुढे अठराव्या अध्यायापर्यंत त्याच्याशी बोलावे लागले, त्याचे प्रश्न ऐकून घ्यावे लागले.

इतके झाल्यावर भावाच्या प्रश्नाकडे परत येणे भाग आहे. आजार सरल्याचे सांगणारे आपले शब्द कोणते? ‘उतार पडला’, ‘गुण आला’, ‘भानावर आला’, ‘डोके ठिकाणावर आले’. पहिले दोन ठीक आहेत. ते आजाराविषयी व औषधाविषयी बोलतात. नंतरचे दोन मनुष्याला जागा नेमून देतात. ठिकाण कोणाचे? बहुधा आमचे, आम्ही जेथे उभे असतो तेथे तो आला म्हणजे तो ठिकाणावर आला. ‘पूर्ववत’ हा या सर्वांत कठोर, कारण तो काळाला उलटे फिरावयास सांगतो, आणि मनुष्याने आजारात जे सोसले व त्यातून जे मिळविले ते सारे रद्द समजावे असे सुचवितो. इंग्रजीतील ‘रिकव्हरी’चाही मूळ भाव गमावलेले परत मिळविण्याचा, म्हणूनच आता त्या भाषेतले जाणते लोक तो शब्द ठेवूनही अर्थ बदलू पाहात आहेत, आणि लक्षणे पूर्ण गेली नसली तरी मनुष्य आपल्या मनाजोगे आयुष्य जगू लागला म्हणजे ती रिकव्हरी, असे म्हणत आहेत. मराठीत हा अर्थ आणावयास कोणाला परिषद भरविण्याचे कारण नाही. ‘सावरणे’ हा शब्द आहेच. ठेच लागलेला सावरतो, वाऱ्याने उडालेला पदर सावरतात, कर्ता पुरुष गेल्यावर बाई संसार सावरते. ज्याने सावरले त्याचा तोल गेला होता हे कोणी नाकारीत नाही, आणि तो पुन्हा कधीच जाणार नाही असे वचनही कोणी मागत नाही. शिवाय सावरणारा स्वतः सावरतो. ‘बरा’ आपल्याला वैद्य करतो. सावरावे ज्याचे त्याने लागते.

म्हणजे रुग्णाच्या तोंडचा शब्द तोच खरा, असा सोपा निर्णय देऊन मोकळे व्हावे काय? तसे होता येत नाही, आणि माझी खरी अडचण येथेच आहे. १९८४ च्या त्या उन्हाळ्यात भाऊ एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणत होता: “मी बरा आहे.” तो बरा नव्हता. त्याने पाच दिवस अन्न घेतले नव्हते. दोन वैद्यांचे दाखले घेऊन मी दंडाधिकाऱ्यापुढे उभा राहिलो, आणि त्याच्या वाक्याविरुद्ध माझे वाक्य मान्य झाले. तसे केले नसते तर तो आज हयात नसता, असे मी मानतो. त्या अर्जाविषयी मला पश्चात्ताप नाही. कोणाचा शब्द त्याच्या तोंडून काढून घेणे ही भयंकर गोष्ट आहे, परंतु क्वचित ती करावी लागते, आणि जे दुरून ‘स्वातंत्र्य, स्वातंत्र्य’ म्हणतात त्यांनी अशा एका रात्री घरात राहून पाहावे.

पण काढून घेतलेला शब्द परत केव्हा करावयाचा? याचा विचार मी केलाच नाही. तो तीन महिन्यांनी घरी आला. पुढे दोन वेळा पुन्हा आजारी पडला आणि पुन्हा सावरला. छापखान्यात मुद्रिते तपासण्याच्या नोकरीत त्याने सव्वीस वर्षे काढली, आणि त्याच्या नजरेतून ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुटल्याचे मला ठाऊक नाही. तरीही तो बरा आहे की नाही हे सांगण्याचा अधिकार मजपाशीच राहिला. कोणी त्याला प्रकृती विचारी, तो उत्तर देई, आणि लोक माझ्याकडे पाहात. मीही मान डोलावून दाखला देत असे. दंडाधिकाऱ्याचा तो हुकूम केव्हाच निकालात निघाला होता. माझ्यापुरता तो चाळीस वर्षे चालू होता. काचिगुड्याच्या कार्यालयात मी ‘अगदी पूर्ववत’ म्हणालो ते त्याच्यावरील प्रेमानेच. पण तो शेजारी उभा होता, त्याने उत्तर दिलेले होते, आणि ते माझ्या उत्तराहून चांगले मराठी होते.

२०१७ च्या कायद्यात एक तरतूद आहे. सज्ञान मनुष्याला, आपण पुढे आजारी पडलो तर आपली शुश्रूषा कशी व्हावी आणि कशी होऊ नये हे आधीच लिहून ठेवता येते, आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही नेमता येतो. या माघात भावाने तसा कागद केला आणि प्रतिनिधी म्हणून माझे नाव घातले. कायद्याच्या नमुन्यासोबत त्याने स्वतःच्या अक्षरात एक वेगळे पान जोडले आहे. कोणती औषधे त्याला मानवतात, खोलीची खिडकी उघडी असावी, कोणाला भेटावयास येऊ द्यावे, असे बरेच काही त्यात आहे. शेवटच्या ओळीत लिहिले आहे की, कोणी विचारल्यास ‘त्याला बरं नाही’ एवढेच सांगावे. बाहेरगावी गेला आहे असे सांगू नये.

कचेरीत मी काय सांगत असे, हे त्याला कधी आणि कोणाकडून कळले, ते मी विचारले नाही. त्याने पेन पुढे केले. मी सही केली. त्याने ती तपासली, आणि तारीख घालावयाची राहिली आहे असे दाखवून दिले.